बाप्पाला का नाही रागावत?

मागच्या श्रावणातल्या एका सोमवारची गोष्ट. नैवेद्य दाखवून मी ताट उचलत होते. चार वर्षांचा नातू देवघरापाशी उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, "आजी, बाप्पानं काहीच खाल्लं नाही. त्याला का नाही रागावत?"

मी ठेवणीतलं उत्तर दिलं. बाप्पाला पोट नसतं, तो नुसता वास घेतो. नातवानं लगेच आपल्या वाटीतल्या दुधीच्या भाजीचा लांब वास घेतला, वाटी माझ्याकडे सरकवली आणि खेळायला पळाला.

सून हसली. मला मात्र तो प्रश्न दिवसभर पुरला. कारण तो जेवला नाही की मी रागावत होते हे खरं होतं, आणि नुसती रागावत नव्हते.

आम्ही उज्जैनच्या नानाखेड्यात राहतो, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या गच्चीतून इंदूरच्या बसगाड्या दिसतात. काऊ-चिऊचे घास सगळीकडेच असतात, आमच्याकडे बसचे घास होते. एक बस सुटली की एक घास. दुपारी बसगाड्या कमी झाल्या की मोबाईल, आणि मोबाईलही पुरेना झाला की साखर. भाजीचे तीन घास खाल्लेस तर तूप-साखर-पोळीची गुंडाळी. पूर्ण पोळी संपवलीस तर कोपऱ्यावरची जिलबी. माळव्यात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात, त्यामुळे ती मिळायला सणवार लागत नाही. हा व्यवहार दोन वर्षं चालला. मग दाताच्या डॉक्टरांनी त्याच्या दोन दाढा किडलेल्या दाखवल्या आणि विचारलं, "गोड किती खातो?" मी म्हटलं, "फारसं नाही." त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

घरी येऊन मोजलं. दुधात सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, गुंडाळीत दोन, क्रीमच्या बिस्किटांतले आणि जिलबीतले अंदाजाने धरले, तर दिवसाचे बारा चमचे होत होते. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. त्या परिपत्रकात म्हटलं होतं, की चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकातले १३ टक्के साखरेतून येतात आणि यायला हवेत फार तर ५ टक्के. माझ्या नातवाच्या वयाला हे ५ टक्के म्हणजे जेमतेम चार चमचे. माझा हिशेब तिप्पट निघाला. ही साखर वाढणारा हात कारखान्याचा नव्हता, जाहिरातीचा नव्हता, माझा होता.

पण मला आकड्यांपेक्षा त्या पोराचा प्रश्न जास्त टोचत होता. देव जेवला नाही तर मी का रागावत नाही?

आपण नैवेद्य 'दाखवतो'. भरवत नाही. हे क्रियापद मी साठ वर्षं वापरते आहे, पण त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पाण्याचं मंडल करायचं, त्यावर ताट ठेवायचं, तुळशीचं पान ठेवून भोवती पाणी फिरवायचं आणि डोळे मिटायचे. पुष्कळ देवळांत तर पडदाच ओढतात. देव जेवत असताना त्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. त्यानं किती खाल्लं हे मोजायचं नसतं. ताट चांगलं करणं, वेळेवर आणणं, समोर ठेवणं एवढं आपलं. खायचं की नाही, किती खायचं, ते त्याचं. गीतेतला कर्मावर अधिकार आणि फळावर नाही हा विचार मी प्रवचनांतून शंभरदा ऐकला असेन, पण तो रोज दुपारी माझ्याच देवघरात घडत होता. देवघरातून स्वयंपाकघरात आले, की मला फळ हवंच असायचं, तेही चावून गिळलेलं.

गंमत म्हणजे एलिन सॅटर नावाच्या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल हेच मांडलं आहे. काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती ते मुलानं. त्यांना कुणी नैवेद्य दाखवायला शिकवलं नसणार.

यावर कुणीही मराठी माणूस नामदेवांची गोष्ट काढेल. लहानग्या नामदेवानं हट्ट धरला, डोकं आपटून घेईन म्हणाला आणि विठ्ठलाला जेवायला लावलं. मीही स्वतःशी हीच गोष्ट काढली होती. पण त्या गोष्टीत हट्ट करणारं मूल आहे आणि न खाणारा देव आहे. मी सोयीनं जागा बदलून घेतल्या होत्या. शिवाय नामदेवानं विठ्ठलाला 'जेव, मग जिलबी देतो' असं म्हटल्याचं कुणी सांगत नाही.

असं म्हणणारा दुसराच एक जण आहे, कठोपनिषदातला यम. नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी बसला. यजमान म्हणून यम हादरला आणि वर देऊ लागला. तिसऱ्या वराला पोरानं मृत्यूचं कोडं विचारलं, तेव्हा ते टाळण्यासाठी यमानं हत्ती, घोडे, सोनं, रथात बसलेल्या गाणाऱ्या अप्सरा असं सगळं पुढे केलं. मुलगा म्हणाला, तुझं तुलाच राहू दे. त्यानंतर यम श्रेयस आणि प्रेयस यांतला फरक सांगतो, म्हणजे हिताचं कोणतं आणि नुसतं हवंसं कोणतं. प्रवचनकार इथे आपल्याला नचिकेताच्या जागी बसवतात. मी बसवून पाहिलं, जमेना. बसगाड्या संपल्यावर मोबाईल आणि मोबाईल संपल्यावर साखर पुढे करणारी मी सरळसरळ यमाच्या बाजूची होते.

मग गोड बंदच करायचं का? सुनेचं तेच म्हणणं होतं. "आई, घरात साखर आणायचीच नाही." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. आईचं दूधच गोडसर असतं, जिभेला ती ओळख जन्मापासूनची आहे. शिवाय मुलाला धर्म पहिल्यांदा भेटतो तो तळहातावरच्या खडीसाखरेतून. महाकालाच्या दर्शनाहून कुणी आलं की बेसनाच्या लाडवाचं पाकीट घेऊन येतं, ते दारातून परत पाठवायचं? पण प्रसाद आणि माझी जिलबी यांत फरक आहे. प्रसाद चिमूटभर असतो आणि रांगेतल्या सगळ्यांना सारखा मिळतो. तू आज भाजी खाल्लीस का, असं पुजारी विचारत नाही. प्रसादाला अट घातली की त्याची मजुरी होते. आणि मजुरी देऊन करून घेतलेलं काम नावडतं होतं, हे मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनाही आढळलं आहे. भाजीच्या बदल्यात मिठाई दिली की मिठाई जास्त आवडू लागते आणि भाजी जास्त नकोशी.

आपलं जुनं पान याबाबतीत शहाणं होतं. त्यात गोड शेवटी बक्षीस म्हणून येत नसे. चटणी, कोशिंबीर, भाजी यांच्याच पंगतीत श्रीखंडाला जागा. पाडव्याला तर वर्षाची सुरुवातच कडुनिंबानं, गुळाचा खडा त्याच्या सोबतीला. आणि लहानपणापासून अंगी मुरलेल्या गोष्टीला आपण बाळकडू म्हणतो. तान्ह्यांना ते उगाळून चाटवू नका असं आता डॉक्टर सांगतात, मधही वर्षाच्या आत नको म्हणतात, ते मी मुकाट ऐकते. शब्द मात्र मला आवडतो. बाळगोड असा शब्द कुणी केला नाही.

बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या इथल्या गोपाळ मंदिरात जन्माष्टमीनंतर बछबारसेपर्यंत, म्हणजे वद्य द्वादशीपर्यंत, शयन आरती होत नाही. तान्ह्या बाळाच्या झोपेची वेळ ठरलेली नसते, म्हणून. दगडाच्या बाळाची केवढी ही कदर! आणि आमच्या घरातल्या हाडामांसाच्या बाळाला एक वाजला की भूक लागलीच पाहिजे.

सुनेत आणि माझ्यात तह झाला. दुधातली साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी. गच्ची आणि मोबाईल जेवताना बंद. गोड असेल त्या दिवशी ते लहानशा वाटीत, भाजीच्या शेजारी, आधी खा की नंतर. दूध फिकं झाल्याचं त्याला तिसऱ्या आठवड्यात कळलं, चार दिवस कप तसाच राहिला. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नव्या चवीला मूल दहा-पंधरा वेळा नाही म्हणू शकतं, हे वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि भरलेला कप मोरीत ओतणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

काल पुन्हा दुधी होता. ताट ठेवलं आणि पाठ करून भांडी विसळायला लागले. मान वळवायची नाही, असं ठरवलं होतं. मागे चमच्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मग खुर्ची सरकली. वळून पाहिलं तर वरणभात संपला होता आणि दुधी जसाच्या तसा होता. काही बोलले नाही. देवाच्या ताटात उरलेलं आपण घेतो तसा तो दुधी माझ्या पानात वाढून घेतला. नैवेद्याची चव आधी बघत नाहीत, ही सवय मला सगळ्याच स्वयंपाकाला लागलेली.

पहिला घास घेतला. मीठ घालायचंच राहिलं होतं.