तप की देहदंड? (गीता, अध्याय १७, श्लोक ५ व ६)



सतराव्या अध्यायात आज पाचवा आणि सहावा श्लोक आला. दोन्ही एकत्रच वाचायचे, कारण वाक्य पहिल्यात सुरू होतं आणि दुसऱ्यात संपतं. अर्थ असा: शास्त्रात न सांगितलेलं घोर तप जे लोक दंभाने, अहंकाराने, इच्छेच्या आणि आसक्तीच्या जोरावर करतात, ते आपल्या शरीरातल्या महाभूतांना पिडतात आणि त्याच शरीरात राहणाऱ्या मलाही पिडतात. असा निश्चय आसुरी समजावा. भगवंतांनी इथे शब्द मवाळ केलेला नाही.

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. ब्लॉग वाचतो तो, पुढचे श्लोक कुठले येणार ते आधी बघून ठेवतो. म्हणाला, "मावशी, हे माझ्याबद्दल लिहिलंय का?" आवाजात हसू होतं, पण प्रश्न हसण्यावारी न्यायचा नव्हता. नोकरीमुळे तो महिन्यातले तीन आठवडे बाहेरगावी असतो, आणि तयारी करतोय दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नाव मॅरेथॉन असलं तरी हे अंतर ४२ किलोमीटरच्या दुपटीहून जास्त आहे, ८५ ते ९० किलोमीटरच्या आसपास. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग ही दोन गावं. साधारण वर्षाआड दिशा बदलते, एकदा समुद्राकडून वर, एकदा वरून खाली. वाटेत पाच मोठे चढ, आपल्याकडच्या घाटांसारखी त्यांना नावं आहेत. पहिल्या महायुद्धात लढलेल्या व्हिक क्लॅपम नावाच्या इंजिन ड्रायव्हरने गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून १९२१ साली ही शर्यत सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले, १६ पोचले. आता हजारो पळतात, महाराष्ट्रातूनही दरवर्षी बरेच जण जातात. (पीटरमारित्झबर्ग म्हटल्यावर तुम्हाला आठवलं असेल. १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवलं ते हेच स्टेशन.)

भाच्याची तयारी कशी चालते ते ऐकून मला आधी थकवाच आला. पहाटे साडेचारला अनोळखी गावात बाहेर पडायचं, कुत्री चुकवायची, हायवेच्या कडेने जायचं. ते जमलं नाही तर हॉटेलच्या ट्रेडमिलवर. तो म्हणतो ट्रेडमिलवर दम वाढतो, पण उतार मिळत नाही, आणि लांबच्या शर्यतीत मांड्या मोडतात त्या उतारावर. म्हणून मग हॉटेलचे जिने, दहा मजले वर, दहा मजले खाली. आणि घरी आला की शनिवारी लांब पळायचं, रविवारी थकलेल्या पायांनी परत लांब पळायचं. यातच खरं शिक्षण आहे म्हणे.

आता हे घोर तप झालं का? कष्ट आहेत म्हणून लगेच हो म्हणू नये. कष्टच वाईट असते तर वारीही वाईट ठरली असती. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढणाऱ्यांत सत्तरीच्या बायका मी पाहिल्यात, डोक्यावर तुळस, पायांना फोड. त्यांच्याकडे बघून आसुरी हा शब्द कुणाच्या ओठावर येईल? याच अध्यायात पुढे भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात. फळाची आस न ठेवता श्रद्धेने केलेलं ते सात्त्विक. सत्कार, मान, पूजा मिळावी म्हणून दाखवण्यापुरतं केलेलं ते राजस. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन, किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेलं ते तामस. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. घाम तोच, फोड तेच.

भाचा म्हणाला, "मी फोटो टाकत नाही, कुणाला सांगत नाही, म्हणजे दंभ नाही." बरं, मान्य. पण त्या शर्यतीला बारा तासांची मर्यादा आहे, आणि मला तिचंच कुतूहल वाटतं. बारा तास भरले की एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक उडवतो. पाठ करून, म्हणजे कुणाचा चेहरा बघून हात थांबायला नको. बंदुकीच्या आवाजानंतर एक पाऊल मागे राहिलेल्याला पदक नाही. मी त्याला विचारलं, तू जर ते एक पाऊल मागे राहिलास तर वर्षभराच्या त्या पहाटा फुकट गेल्या असं म्हणशील का? बराच वेळ तो बोललाच नाही. मग म्हणाला, "खरं सांगू? म्हणेन." मला त्याचं हे उत्तर आवडलं. खोटं सात्त्विक उत्तर त्याला सहज देता आलं असतं.

एका गोष्टीवर मात्र मी त्याला स्पष्ट बोलले. काही पळणारे दुखणं दाबायला वाटेत वेदनाशामक गोळ्या घेतात. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडावर घाला घालतात, हे डॉक्टर सांगून थकले. उलट, भीतीपोटी नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही जिवावर बेतू शकतं. दुखणं हा शरीराचा निरोप आहे. तो ऐकून, समजून घेऊन पुढे पाऊल टाकणं वेगळं आणि निरोप्याचं तोंड दाबणं वेगळं. सहाव्या श्लोकात "शरीरात राहणाऱ्या मलाही" असं आहे ना, तिथे मी दरवेळी थबकते. आपण समजतो देह माझा, मी काहीही करीन. तर भगवंत म्हणतात, आत मी पण राहतो.

पण खरी अडचण गोळ्यांची नाहीच. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, गेलं वर्षभर डायलिसिसवर आहे. महिन्यातला जो एक आठवडा तो घरी असतो, त्यातला शनिवार-रविवार रस्त्यावर जातो. आला की झोपतो. ती काही म्हणत नाही, उलट खजूर नि लाडू डब्यात भरून देते. बायकोही बोलत नाही, पण दवाखान्याच्या सगळ्या खेपा तीच करते. श्लोकातला भूतसमुदाय म्हणजे शरीरातली पंचमहाभूतं, टीकाकार तेवढंच सांगतात. माझ्या मनात मात्र येतं की एका माणसाच्या तपात पिडली जाणारी भूतं त्याच्या कातडीच्या आतच असतात असं थोडंच आहे! हा अर्थ माझ्या पदरचा, शास्त्रींना पटेलच असं नाही.

हे त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. म्हणाला, "मावशी, दिवसभर लोकांची कामं, रात्री लोकांचे फोन. पळताना एकटा तो वेळ माझा असतो. तोही सोडला तर मी घरी येऊन आईवर ओरडेन." यातही खोटं काही नाही. पळणं त्याला माणसात ठेवतं. मग ते तामस कसं म्हणू? आणि आईच्या वाट्याचा रविवार त्यात जातो, तर सात्त्विक तरी कसं म्हणू?

परवा बहिणीने कळवलं की या रविवारी तो पहाटे दोनला निघाला आणि आठला परत आला. आंघोळ करून तिला डायलिसिसला घेऊन गेला, चार तास बाहेर बाकावर बसला. निम्मा वेळ बसल्या जागी घोरत होता, असं ती हसत सांगत होती. तिकीट काढलंय का विचारलं, तर म्हणाली, अजून नाही, बघू म्हणतो.

उद्या सातवा श्लोक, आहाराचा. भाच्याने आधीच विचारून ठेवलंय की पळणाऱ्यांच्या त्या गोड चिकट जेलच्या पुड्या सात्त्विक आहारात बसतात का. उद्या बघू.

रामकृष्ण हरी.