फुकट नको, भाव सांगा

दिवाळीच्या तोंडावर घरोघरची कपाटं रिकामी होतात आणि जुन्या कपड्यांचं एक गाठोडं दाराशी येऊन बसतं. त्याचं पुढे काय करायचं, याचं उत्तर पूर्वी सोपं होतं. सुती लुगडं गोधडीत जायचं, फार विरलं असेल तर बाळाच्या दुपट्यात, उरलंसुरलं फरशी पुसायला. आणि जरीच्या साड्या, शर्ट-पँटी बोहारणीला. आता कपाटात पॉलिएस्टरच जास्त. त्याची धड गोधडी होत नाही आणि फडकं केलं तर पाणी टिपत नाही. मग गाठोडं ‘देऊन टाकू कुणा गरजूला’ या वाक्यापाशी येऊन थांबतं. हे वाक्य मला हल्ली खटकतं. हा गरजू कोण, त्याला काय हवंय, याचा त्यात पत्ता नसतो. कपाटातली जागा मोकळी होणार, एवढंच त्यात नक्की असतं.

बोहारणीपुढे हे चालत नसे. ती पायरीवर बसायची, साडी उजेडात धरून आडवी-उभी बघायची, काठ चिमटीत धरून ओढायची. शर्टाची कॉलर उलटी करायची, पँटची चेन वरखाली करून बघायची. ‘एकदाच नेसलेय गं,’ असं आजीनं म्हटलं, की ‘मग तुम्हीच नेसा की आजी,’ म्हणून साडी बाजूला! शेवटी स्टीलचं पातेलं मिळायचं. झाकणासाठी आणखी दोन पँटी. या बायका बहुतेक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या. दिल्लीत रघुबीर नगरला याच समाजाचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाट व्हायच्या आत भरतो. तिथे काय खपतं आणि काय पडून राहतं, हे ज्याला कळतं तोच दारातली साडी अशी नाकारू शकतो. बोहारणीशी केलेल्या व्यवहाराला दान म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. पण तो कपडा धुऊन, टाके घालून, इस्त्री करून, तो खरंच अंगात घालणाऱ्या माणसापर्यंत पोचायचा.

ब्रिटनमधलं चॅरिटी शॉप मला या बोहारणीचंच भावंड वाटतं. ऑक्सफॅम ही संस्था 1942 मध्ये नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमधल्या उपासमारीसाठी उभी राहिली. युद्धानंतर तिने मदतीचं आवाहन केलं, तेव्हा लोकांनी इतकं सामान आणून दिलं की ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकानच थाटावं लागलं. सामान जसंच्या तसं पाठवण्यापेक्षा विकून पैसे पाठवणं शहाणपणाचं, हा हिशोब त्यातून पक्का झाला. 1949 मध्ये तिथे रुजू झालेल्या जो मिटी यांनी पुढे एक जिवंत गाढवसुद्धा विकल्याचं सांगतात. आज त्या देशात अशी दहा हजारांच्या आसपास दुकानं आहेत. आपल्याकडून लीड्स-लेस्टरला शिकायला गेलेली मुलं पहिल्या थंडीतला जाडजूड कोट बऱ्याचदा इथूनच उचलतात. आणि इकडे ‘कुणाच्या अंगावरचं कोण जाणे’ म्हणून नाक मुरडणारी आई मुलाला भेटायला गेली, की त्याच दुकानात पुन्हा पुन्हा जाते.

खरी गंमत दुकानाच्या मागच्या खोलीत असते. पिशवी आली की ती उलटी होते. डाग, वास, तुटलेली चेन, एकटाच बूट, सगळं वेगळं निघतं. बरं असेल ते वाफेच्या इस्त्रीखालून जातं, त्याला किमतीची चिठ्ठी लागते आणि ते दांडीवर लटकतं. काही आठवड्यांत खपलं नाही, की उतरवून दुसऱ्या शाखेत नाहीतर चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे, वजनावर. हे काम करणारे बरेचजण बिनपगारी, पुष्कळसे निवृत्त. सरकारही हात लावतं: दुकानाच्या स्थानिक करात 80 टक्के सूट, दान आलेल्या मालावर व्हॅट शून्य, आणि देणारा प्राप्तिकर भरणारा असेल तर त्याच्या वस्तूंच्या विक्रीच्या दर पौंडामागे संस्थेला वर 25 पेन्स. त्यासाठी तुमच्या सामानाचे किती पैसे आले, हे दुकान तुम्हाला कळवतं. आपण ‘चांगलाच होता की’ म्हणून दिलेला सूट चार पौंडांना गेला, हे वाचणं प्रत्येक दात्याच्या नशिबी यायला हवं.

आपल्याकडे जुने कपडे गरजूंपर्यंत पोचावेत म्हणून ‘माणुसकीची भिंत’ आली. कल्पना मूळची इराणची, 2015 च्या हिवाळ्यातली: नको असेल ते खुंटीला अडकवा, हवं असेल ते घेऊन जा. हेतूबद्दल वाद नाही. पण पुष्कळ भिंतींचं काही महिन्यांतच काय होतं, ते जाता-येता दिसतं. बटणं गेलेले शर्ट, मळक्या अंतर्वस्त्रांचा ढीग, पावसात भिजलेलं स्वेटर. तिथे कुणी ‘हे नको’ म्हणणारं नसतं. शिवाय भर चौकात भिंतीवरून कपडा काढणाऱ्याला गरजू म्हणून उभं राहावं लागतं. दुकानात वीस रुपये टेकवणारा गिऱ्हाईक असतो, घासाघीस करतो, न आवडलं तर पुढे जातो.

भिंत येण्याआधीही हेच घडलं होतं. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. त्यातला बराचसा माल तिथल्या कोळ्यांच्या काहीच उपयोगाचा नव्हता. तो निवडायचं काम अंशू गुप्तांच्या ‘गूंज’ या संस्थेने हाती घेतलं. त्यांच्या पद्धतीत कपडे फुकट वाटत नाहीत. गावाने विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा, आणि मोबदल्यात कपड्यांचा संच. इथली किंमत श्रमाची. मान मात्र गिऱ्हाइकासारखाच.

किमतीलाही खोट आहे. ब्रिटनमध्ये चांगला माल हेरून इंटरनेटवर चढ्या भावाने विकणारे वाढलेत, आणि दुकानंही भाव चढवतात अशी जुन्या गिऱ्हाइकांची तक्रार असते. न खपलेल्या मालाचा मोठा भाग जहाजाने परदेशी जातो. घानातल्या अक्राच्या कांतामांतो बाजारात गठ्ठे फुटतात आणि त्यातलं टाकाऊ तिथल्या गटारांत, समुद्रकिनाऱ्यावर साचतं. आपल्या पानिपतलाही परदेशातून कापलेले लोकरी कपडे येतात आणि त्यांच्या सुताची स्वस्त घोंगडी होतात. याचा अर्थ, चॅरिटी शॉपमुळे आपली खरेदी धुऊन निघत नाही. महिन्याला चार टॉप घेणाऱ्या मुलीने दोन दान केले, तर तिच्या कपाटात दोन उरतात आणि जगात चार.

तरीही मला दुकानच हवं, भिंत नको. तुमच्या गावात महिला मंडळ असेल, वाचनालयाची रिकामी खोली असेल, तर या दिवाळीनंतर महिन्यातून एक रविवार तिथे टेबल मांडा. आलेला कपडा उजेडात धरून बघायला एखादी करडी बाई बसवा. परत करण्याची लाज बाळगू नका. दहा-वीस-पन्नासच्या चिठ्ठ्या लावा, पैसे शाळेच्या वह्यांना द्या आणि हिशोब बाहेर फळ्यावर लिहा. पहिली खरेदी मात्र मंडळाच्या अध्यक्षांनीच करावी, तीही सर्वांसमोर.