घोडा चढवताना

हिंसा नेमकी कुठे सुरू होते, या जुन्या प्रश्नाचा विचार करताना पिस्तुलाचा चाप नीट पाहावा. ‘सिंगल ॲक्शन’ पद्धतीत चापाला एकच काम असते, आधीच चढवलेला घोडा, म्हणजे आघात करणारा हातोडा, सोडण्याचे. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरमध्ये तो दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागे. ‘डबल ॲक्शन’मध्ये घोडा चढवणे आणि सोडणे ही दोन्ही कामे चापच करतो. त्यामुळे बोटाला लांब आणि जड ओढ द्यावी लागते, साधारण साडेचार-पाच किलोची. चढवलेल्या घोड्याला दोन-अडीच किलो पुरतात आणि बोट जेमतेम काही मिलिमीटर हलते. वॉल्थर पी ३८ किंवा बेरेटा ९२ या पिस्तुलांत घोडा खाली असेल तर पहिली गोळी जड ओढीने सुटते. त्यानंतर मागे सरकणारी स्लाइडच घोडा चढवते आणि पुढच्या गोळ्या हलक्या ओढीने सुटत राहतात.

आता समजा, चढवलेल्या घोड्याच्या चापावर बोट आहे आणि माणूस दचकला, किंवा त्याचा तोल गेला. अशा वेळी हाताची बोटे आपोआप आवळली जातात. गोळी सुटते. ‘मला मारायचे नव्हते,’ असे तो म्हणतो आणि ते खरेही असू शकते. मज्झिमनिकायातल्या उपालिसुत्तात निगंठांचा, म्हणजे जैनांचा, पक्ष कायिक कृत्याला सर्वांत जड मानतो, तर बुद्ध मानसिक कृत्याला. बुद्धाचे मानले तर हा माणूस सुटतो, असा आक्षेप येईल. मला तसे वाटत नाही. गोळी सुटताना चेतना, म्हणजे हेतू, नसेल, पण घोडा चढवताना, बोट चापावर ठेवताना ती पुरेपूर होती. जैन आचार्य उमास्वातींनीही तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. बेसावधपणाला तिथे कारणाचे स्थान आहे, सबबीचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जड चापाने नेम हलतो, पहिली गोळी भलत्यालाच लागू शकते. मग जड चाप अधिक नैतिक कसा? तो तसा नाहीच. पाप किलोत मोजता येत नाही, आणि जड चापानेही खून होतात. जड चाप एवढेच करतो की निर्णय आणि कृती यांच्यात फट राहू देत नाही. हलक्या चापात ती फट असते, म्हणून तिथला खरा निर्णय आधीच्या क्षणी शोधावा लागतो. कायदाही तो तिथेच शोधतो. भारतीय न्याय संहितेचे कलम १८ अपघाताची सूट देते ती कायदेशीर कृत्य योग्य काळजी घेऊन करणाऱ्यालाच, आणि निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे.