पक्षिणीचे घरटे आणि चढणीचा मासा

जे आपण पेरले नाही, त्याच्यावर आपला हक्क किती? परसातल्या वांग्याविषयी हा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्याने आळे केले, पाणी घातले, त्याचे ते वांगे. परंतु नदीतला मासा, माळावरचे हरीण, बांधावरचा तित्तिर यांना कोणीही पेरलेले नसते. ते हाती लागतात म्हणून आपण घेतो. हाती लागणे आणि आपले असणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरातच शिकारीची आणि मासेमारीची सारी नीती सामावलेली आहे.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांमधून भीमा वाहते. रांजणगाव सांडस येथे तिला मुळा-मुठा मिळते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि त्याचा फुगवटा दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत येऊन पोहोचला. या पाण्यावर कितीतरी कुटुंबांची चूल पेटते. पाण्यात मत्स्यबीज सोडले जाते. परंतु ती बोटुकली वाढण्याआधीच बारीक विणीच्या जाळ्यात सापडते. पावसाळ्याच्या आरंभी आणखी एक गोष्ट घडते. नव्या पाण्याचा लोट आला की अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढू लागतात. हा चढणीचा मासा धरायला सोपा, आणि पोटात गाभोळी असल्याने खवय्यांना विशेष प्रिय. एका माशाबरोबर उद्याचे हजारो मासे आपण ताटात वाढून घेतो.

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. वाटेत एखादे घरटे आढळले आणि पक्षीण अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरू नये. तिला उडून जाऊ द्यावे. हा नियम ‘घेऊ नका’ असे म्हणत नाही. वाटसरूची भूक त्याला ठाऊक आहे. तो एवढेच सांगतो की, सगळे घेऊ नका. आणि आश्चर्य असे की, आईबापांचा मान राखणाऱ्याला जे कल्याण आणि दीर्घायुष्य यांचे वचन दिले आहे, तेच वचन पक्षिणीला सोडणाऱ्यालाही दिले आहे.

या नियमामागील हेतू कोणता, यावर थोर विचारवंतांनी बराच खल केला. ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस म्हणतो की, पिलांसाठी होणारी आईची तडफड माणसाच्या आणि पशूच्या ठायी सारखीच असते. संत थॉमस अक्वायनस यांचा रोख माणसाच्या हृदयाकडे आहे: जो मुक्या जिवावर दया करायला शिकतो, तो माणसावरही अधिक सहज दया करील. तेराव्या शतकातील भाष्यकार नाख्मानिडीस आणखी एक कारण पुढे ठेवतो. जीव घेण्याची मुभा असली तरी त्या जातीचा वंशच खुडून टाकण्याची मुभा नाही.

पहिल्या दोन कारणांचा आधार दया हा आहे, तर तिसऱ्याचा न्याय. मला वाटते, आपल्या नदीकाठी या तिसऱ्या कारणाची गरज अधिक आहे. हरिणाचे डोळे पाहून माणूस द्रवतो. मासा ओरडत नाही, रडत नाही. त्याच्यासाठी कोणाचे काळीज हलत नाही. म्हणून जी मर्यादा केवळ दयेवर उभी आहे, ती माशापाशी येऊन कोसळते. माशाला सोडायचे ते त्याची कीव येते म्हणून नव्हे. खालच्या गावच्या कोळ्या-भोयाचा आणि पुढच्या वर्षीच्या मुलांचा त्यात वाटा आहे म्हणून.

ही मर्यादा पोथीतच राहिली असे नाही. पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आदी संशोधकांनी केला आहे. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पक्षी धरीत; नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर मारीत; वैदू लहान मांसभक्षक प्राण्यांवर आणि मासळीवर निर्वाह करीत. प्रत्येकाचे भक्ष्य बहुतांशी वेगळे. पूर्वी फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर पारधी ते सोडून देत, असेही या अभ्यासकांनी नोंदविले आहे. अनुवादाचे पुस्तक त्यांनी वाचले नव्हते. पुन्हा याच माळावर यायचे आहे, एवढे त्यांना ठाऊक होते.

जुने ते सारे सोने असे मात्र मी म्हणत नाही. साधने तोकडी होती, म्हणूनही पुष्कळ जीव वाचले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची गरज होतीच. दौंडला लागून असलेल्या बारामती तालुक्यात, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आज चिंकारा दिसतो, ही अशा संरक्षणाचीच पुण्याई. परंतु न्यायाचा काटा दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. ‘गुन्हेगार जमाती’ ठरविणारे इंग्रजी कायदे १९५२ साली रद्द झाले, तरी पारध्याच्या कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. त्याची शिकार थांबली. त्या बदल्यात त्याच्या हाती काय आले, याचा हिशेब समाजाने मांडला नाही. वरच्या महानगरांचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि मासळीचा श्वास कोंडते. ते सोडणाऱ्याला मात्र कोणी शिकारी म्हणत नाही.

सर्वांत कठीण कसोटी बिबट्याची आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले. त्यांत दोन बालके होती. अखेर नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळ्या घालण्यात आल्या. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला दयेचा उपदेश करणे ही क्रूरता ठरेल. मनुष्याचा जीव वाचविण्यासाठी पशूला मारावे लागले तर ते पाप नव्हे. पण याच शिवारात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिले सापडतात, तेव्हा ती क्रेटमध्ये घालून रात्री त्याच जागी ठेवली जातात आणि मादी येऊन त्यांना घेऊन जाते. भय पोटात असताना आई आणि पिले यांची गाठ घालून देणारे ते हात कोणत्याही भाष्यकाराइतकाच तो जुना नियम जाणतात.

दया मनात कधी दाटून येते, कधी येत नाही. वाटा मात्र रोज बाजूला काढून ठेवायचा असतो. चढणीच्या दिवसांत ओढ्यात जाळे न लावणे, बोटुकली पाण्यात परत सोडणे, बाजारात बोटभर मासळी दिसली तर ती न विकत घेणे, या गोष्टींना फार मोठे मन लागत नाही. आपल्यानंतरही या काठावर कोणी भुकेला येणार आहे, एवढी आठवण पुरते.