वडिलांची श्रद्धा आणि मुलांचें ऋण

घरांतील श्रद्धावान वृद्ध निवर्तला म्हणजे पहिले तेरा दिवस विधीच आपणांस सांभाळून नेतात. खरी अडचण त्यानंतरची. देवघरांतली जपमाळ, कडा झिजलेली पोथी, पहाटेची ती रिकामी जागा, यांचें करावयाचें काय? सुशिक्षित घरांत बहुधा तसबीर लागते, तिला हार पडतो, आणि 'ते फार भाविक होते' एवढ्या एका वाक्यांत जन्मभराची निष्ठा आटोपली जाते. श्राद्ध हा शब्दच श्रद्धेपासून आलेला. मग ज्याची श्रद्धा आपणांत उतरली नाहीं त्याचें श्राद्ध आपण कोणत्या अधिकारानें करतों, हा प्रश्न आम्हांस टाळण्याजोगा वाटत नाहीं.

या बाबतींत बंगालच्या देवेंद्रनाथ ठाकुरांचें घराणें पाहण्यासारखें आहे. त्यांचे वडील द्वारकानाथ १८४६ सालीं लंडनला वारले. देवेंद्रनाथ तोंवर ब्राह्म झाले होते. मूर्तीपुढें श्राद्ध करण्याचें त्यांनीं नाकारलें व आप्तेष्टांचा रोष पत्करला. पितृद्रोह म्हणून जगानें बोट दाखवावें असेंच तें वर्तन. पण १८४८ त वडिलांची पेढी बुडाली, तेव्हां सावकारांचा हात जिला लागूं शकत नव्हता अशी विश्वस्तांकडील मालमत्ताहि त्यांनीं आपण होऊन त्यांच्यापुढें ठेविली, आणि पुढें कित्येक वर्षें घरखर्च आंवळून कर्ज फेडीत राहिले. विधि नाकारणाऱ्या मुलानें पितृऋण अक्षरशः फेडलें. आजचा सुशिक्षित विधि सोडतो तेव्हां बहुधा खर्चच वाचवितो. दोघांना एका मापानें मोजूं नये.

देवेंद्रनाथ १९ जानेवारी १९०५ रोजीं, सत्त्याऐंशीव्या वर्षीं निवर्तले. आतां स्मरणाची पाळी त्यांच्या मुलांची आली. महर्षि म्हणून लोकांनीं गौरविलेल्या बापाविषयीं गोड लिहिणें सोपें होतें. रवींद्रनाथांनीं मात्र 'जीवनस्मृति'मध्यें मोकळेपणानें सांगितलें आहे कीं वडील सदा प्रवासांत, त्यामुळें लहानपणीं ते आपणांस जवळ जवळ अनोळखीच होते. (ईश्वराच्या शोधांत निघालेला बाप मुलांच्या वांट्याला थोडाच येतो, हेंहि भाविकांच्या घरचें एक सत्य आहे.) १८७३ त अकरा वर्षांच्या या मुलाला त्यांनीं हिमालयाकडे नेलें. वाटेंत अमृतसरला सुवर्णमंदिरांत जाऊन ते शिखांच्या भजनांत आपला सूर मिळवीत. सोन्याचें घड्याळ रोज किल्ली देण्यासाठीं मुलाच्या हवालीं केलें. पोरानें इतक्या निष्ठेनें किल्ली दिली कीं घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्यास धाडावें लागलें! डोंगरांत त्याला एकट्याला हिंडूंहि दिलें. श्रद्धा मुलावर लादण्याची घाई या पुरुषाला नव्हती. तरी त्याच वर्षीं मुलाची मुंज त्यांनीं लावलीच होती. आणि केशवचंद्र सेनांशीं १८६६ त जो बेबनाव झाला त्यांत जानवें हेंहि एक कारण होतें. असल्या विसंगति झांकून केलेलें स्मरण म्हणजे दुसरी तसबीरच. जिवंत माणसाची श्रद्धा गांठींसकट असते, आणि ती तशीच आठवली तर निदान आपण त्याच माणसाला आठवतों.

दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ आमच्याकडे अधिक परिचयाचे असावयास हवेत. सिव्हिल सर्व्हिसमधील पहिले हिंदी अधिकारी. नोकरी मुंबई इलाख्यांत झाली. तुकोबांचे अभंग त्यांनीं बंगालींत नेले. वडिलांच्या पश्चात् त्यांनीं आपली कन्या इंदिरादेवी हिच्यासह वडिलांच्या आत्मचरित्राचें इंग्रजी भाषांतर केलें. तें १९१४ सालीं लंडनलाहि निघालें. भाषांतर हें विचित्र काम आहे. आपल्याला पटो न पटो, दुसऱ्याचें प्रत्येक वाक्य आधीं नीट समजून घ्यावें लागतें, त्यांत आपलें मत मिसळतां येत नाहीं. हें आत्मचरित्र १८५८ शीं, म्हणजे देवेंद्रनाथांच्या एकेचाळिसाव्या वर्षाशीं, थांबतें. इंदिरादेवींचा जन्म १८७३ चा. तिनें डोळ्यांनीं पाहिलेले आजोबा त्या पुस्तकांत एका पानावरहि नाहींत.