पोचपावती

सदुकाका चिपळूणकडच्या एका पोस्टातून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. लेक फ्रँकफर्टला असते. तिच्याकडे उन्हाळा काढून ते मुंबईला परत निघाले, तर विमानतळावरच्या फलकावर त्यांचं विमान सात तास उशिरा दाखवत होतं. कारण विचारलं, तर कळलं की विमानात तांत्रिक बिघाड आहे.

रांगेत पुढे पुण्याचे एक कारखानदार होते. त्यांनी काउंटरवर हात आपटला. "मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला? वरपर्यंत ओळख आहे माझी!" काउंटरवरच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि "पुढचे" म्हटलं. आवाज बसेपर्यंत ओरडून शेठ बाकावर जाऊन बसले.

त्यांच्यामागे निखिल, आयटीतला तरुण. मुलीने त्याच्यापुढे टॅबलेट सरकवला. पुढच्या प्रवासासाठी शंभर युरोंचं व्हाउचर, इथे सही करा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या उशिराबद्दल प्रवाशाची आणखी कोणतीही मागणी उरलेली नाही.

"अरे, वाचून तर घे," काका मागून म्हणाले.

"काय वाचायचं काका? फुकट मिळतंय, बिचारे देतायत." निखिलने बोटाने सही ठोकली.

काकांची पाळी आली. त्यांनी व्हाउचरला नम्रपणे नको म्हटलं आणि विचारलं, "अशा वेळी प्रवाशाचे हक्क काय, ते छापील मिळेल का?" युरोपात दोन तासांवर उशीर झाला की तो कागद देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मुलीने खणातून कागद काढला, सोबत जेवणाचं कूपनही दिलं. काका म्हणाले, "उशिराचं कारणही यावर लिहून द्या. तारीख घाला, शिक्का मारा." मुलीने एकदा मान वर करून पाहिलं आणि लिहून दिलं. आयुष्यभर पोच घेतल्याशिवाय कोणाला रजिस्टर न देणारा माणूस तो. कागद आणि बोर्डिंग पास त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या खिशात ठेवले.

मुंबईला विमान उतरलं. सगळे सामान काढून दाटीवाटीने उभे. दार उघडलं तेव्हा काकांनी घड्याळात बघून बोर्डिंग पासच्या मागे वेळ टिपली.

"काका, विमान तर मघाशीच टेकलं," निखिल हसला.

"टेकलं रे, पण आपल्याला सोडलं आत्ता. युरोपातलं कोर्ट दार उघडल्याची वेळ धरतं. लेकीने शोधून सांगितलंय."

घरी आल्यावर काकांनी कंपनीला अर्ज लिहिला. युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम. तिथल्या विमानतळावरून सुटलेलं विमान, कंपनी कुठल्याही देशाची असो. अंतर साडेतीन हजार किलोमीटरांहून जास्त आणि उशीर चार तासांहून जास्त, म्हणून माणशी 600 युरो. सोबत सगळ्या कागदांच्या प्रती.

उत्तर आलं : तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती असल्याने भरपाई देता येत नाही. काकांनी चिडून एक शब्दही लिहिला नाही. विमान चालवताना नेहमी उद्भवणारा बिघाड असाधारण ठरत नाही, हा युरोपीय न्यायालयाचा 2008 चा निकाल तेवढा कळवला. मग कंपनीने व्हाउचर देऊ केलं. काकांनी लिहिलं, माझ्या लेखी संमतीशिवाय व्हाउचर चालत नाही, रक्कम बँकेत भरावी. काही आठवड्यांनी 600 युरो जमा झाले.

काकांनी शेठना फोन केला. "जर्मनीत तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. कागद पाठवू का?"

"कोण लागणार त्याच्या मागे!" शेठ म्हणाले. विमानतळावर घसा कोरडा करणाऱ्या माणसाला एक अर्ज लिहायचा कंटाळा आला.

काकांना पैसे मिळाल्याचं ऐकून निखिल मात्र चुटपुटला. पुढे हिवाळ्यात पुण्याला निघताना तो दिल्लीला धुक्यात अडकला, तेव्हा त्याने लगेच फोन लावला. "काका, चार तास झाले. या वेळी सही केलेली नाही. किती मागू?"

"धुक्याची भरपाई विमान कंपनी कशी देईल रे? आणि आपल्याकडे नुसत्या उशिराला रोख भरपाईचा नियमच नाही. पुण्याचं विमान अडीच तासांच्या आतलं, तेव्हा दोन तासांवर खोळंबा झाला की खाणंपिणं माग. सहा तासांवर जाणार असेल, तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे. मुकाट्याने सोडू नकोस आणि जास्त मागूही नकोस."

निखिलने जेवण मागितलं, मिळालं. बिलाची पावती त्याने जपून ठेवली.

तात्पर्य : हक्काची वस्तू उपकार म्हणून घेऊ नये आणि आरडाओरड करून मागू नये. नियम वाचावा, पुरावा जपावा आणि जेवढं आपलं, तेवढंच मागावं.