मुदपाकखान्याचें दर्शन

पाहुण्यानें पाहुण्याच्या जागीं बसावें, स्वयंपाकघरांत डोकावूं नये, असा आपल्याकडील जुन्या घरांचा दंडक होता. त्यामागें सोंवळ्याची कल्पना होती हें खरें. पण तिच्या आड आणखीहि एक सोय साधत असे. पंगतींतल्या मंडळींना चुलीपुढचा धूर, तेथला उकाडा आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायकांची भूक दिसत नसे. हा दंडक उलटा झालेला पाहावयाचा असेल तर समुद्रपर्यटनाच्या एखाद्या मोठ्या जहाजावर जावें. तेथें प्रवाशांना मुदपाकखाना मुद्दाम नेऊन दाखवितात. कांहीं कंपन्या हें दर्शन फुकट घडवितात. कांहीं वेगळें शुल्क घेऊन त्याबरोबर कोठारें, धुलाईखाना आणि यंत्रनियंत्रणाची खोलीहि दाखवितात. दुसऱ्याच्या श्रमाचें असें दर्शन घेणें योग्य कीं अयोग्य, आणि तें घेतल्यानें आपल्यावर कोणतें बंधन येतें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

जें दिसतें तें थक्क करणारें असतें यांत संशय नाहीं. जानेवारी 2024 मध्यें पहिल्या सफरीस निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर अधिकांत अधिक सुमारें 7,600 प्रवासी आणि 2,350 कर्मचारी राहूं शकतात; म्हणजे एक लहानसें शहरच पाण्यावर तरंगत असतें, आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ जेवूं घालावयाचें असतें. असल्या जहाजाचा मुदपाकखाना म्हणजे लखलखीत पोलादी खोल्यांची रांग. मांस, मासळी आणि भाजी यांची तयारी वेगवेगळ्या ठिकाणीं. आगीच्या भयामुळें बहुतेक सारा स्वयंपाक विजेवर. जहाज हेलकावूं लागलें तर भांडीं घसरूं नयेत म्हणून शेगड्यांना कठडे. कोणता पदार्थ ताटांत कसा मांडावा याचीं छायाचित्रें भिंतीवर. प्रवासी झोंपलेले असतात तेव्हां भट्टीवाले पाव भाजीत असतात.

अशा दर्शनावर पहिला आक्षेप सहज सुचतो. घाम गाळणाऱ्या माणसाला पाहण्याची वस्तु करणें हा त्याचा अपमान नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. पण न पाहण्याचा मार्ग अधिक सन्मानाचा आहे असें म्हणतां येत नाहीं. कष्टकऱ्याला दृष्टीआड ठेवण्याची कला जहाजबांधणीला फार दिवसांपासून अवगत आहे. 1912 सालीं बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर नोकरवर्ग आणि तिसऱ्या वर्गाचे उतारू यांच्या येण्याजाण्याची एक लांबच लांब वाट होती, लिव्हरपूलच्या एका रस्त्यावरून कर्मचारी तिला ‘स्कॉटलंड रोड’ म्हणत. आजच्या जहाजांच्या पोटांतहि कर्मचाऱ्यांची अशी वाट असतेच. तिच्या दाराअलीकडे गालिचे संपतात आणि पलीकडे रंगविलेलें लोखंड सुरू होतें. तें दार घटकाभर उघडलें तर त्यांत वाईट काय? शिवाय कुशल आचाऱ्याला आपली करामत कोणीं तरी पाहावी असें वाटतेंच. त्याच्या कामाकडे पाठ फिरविणें म्हणजे त्याच्या अभिमानाकडेहि पाठ फिरविणें होय. तेव्हां पाहण्यांत पाप नाहीं.

दोष आहे तो, एकदां पाहिलें म्हणजे सारें कळलें असें मानण्यांत. प्रवाशांना नेतात तें बहुधा दोन भोजनांच्या मधल्या निवांत वेळीं. आणि तें स्वाभाविकहि आहे, कारण ऐन गर्दींत पन्नास पाहुणे वाटेंत उभे राहिले तर कोणी तरी भाजावयाचें. परंतु त्यामुळें होतें असें कीं, पाहुण्याला जागा दिसते, काळ दिसत नाहीं. शेगडी दिसते, तिच्यापुढें उभें राहण्याचे तास दिसत नाहींत. ताटें धुण्याचें यंत्र दिसतें. त्यांत तीं रचणाऱ्याचा आज घर सोडल्यापासून शंभरावा दिवस आहे कीं दोनशेंवा, हें दिसत नाहीं. श्रम मुळांत काळाचेच बनलेले असतात, आणि तो काळ अर्ध्या तासाच्या फेरींत दाखवितां येत नाहीं.

तो काळ केवढा असूं शकतो? आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार 2006 सालीं जिनीव्हा येथें संमत झाला, ऑगस्ट 2013 मध्यें अंमलांत आला, आणि भारतानें 2015 सालीं त्यास मान्यता दिली. त्यानें राष्ट्रांना दोन मापें दिलीं आहेत. कामाचे तास मोजावयाचे तर दिवसाला 14 आणि आठवड्याला 72 ही कमाल मर्यादा. विश्रांति मोजावयाची तर दिवसाला निदान 10 तास आणि आठवड्याला निदान 77. आठवड्याचे तास 168. त्यांतून 77 वजा केले तर 91 उरतात. दिवसाच्या विश्रांतीचे दोन तुकडे करण्याचीहि मुभा आहे. अट इतकीच कीं, त्यांतला एक तरी सहा तासांचा असावा. नियम नसण्यापेक्षां असलेला केव्हांहि बरा. पण नियम पाळूनहि माणूस किती थकूं शकतो, हें या आंकड्यांवरून उमगावें. उलट प्रवाशाच्या पोटाची काळजी पाहा. अमेरिकेचें आरोग्यखातें 1970 च्या दशकापासून जहाजांची पूर्वसूचना न देतां तपासणी करीत आलें आहे. 100 पैकीं गुण देतात. 85 किंवा त्याहून कमी पडले तर जहाज नापास, आणि हे गुण जाहीर होतात. आचाऱ्याच्या झोंपेची नोंद दप्तरांत राहते. तिचे गुण कोणी जाहीर करीत नाहीं.

एकदां मात्र हें सारें जगाला दिसलें. फेब्रुवारी 2020 मध्यें कोरोनाच्या सांथीमुळें ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज जपानांतील योकोहामा येथें विलग ठेवण्यांत आलें. त्यावर सुमारें 3,700 माणसें होतीं. त्यांपैकीं 1,045 कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलींत राहण्यास सांगितलें, आणि जेवण त्यांच्या दारापर्यंत पोंचूं लागलें. म्हणजे कोणी तरी तें रांधीत होतें, कोणी तरी तें वाहून आणीत होतें, आणि तीं माणसें दाटीच्या सामायिक खोल्यांत झोंपत होतीं. प्रारंभीं ज्या कर्मचाऱ्यांना बाधा झाली त्यांत बहुतेक अन्नसेवेंतलेच होते. जहाजावर भारतीय होते 138. त्यांत प्रवासी 6 आणि कर्मचारी 132. दाराच्या कोणत्या बाजूस आपलीं माणसें अधिक आहेत, हें ज्याला ठाऊक नसेल त्यानें हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, ‘त्यांना बळजबरीनें कोणीं नेलें? घरीं मिळाला असता त्याहून अधिक पगार ते मिळवितात.’ हें खोटें नाहीं. गोमंतकांतील आचारी आणि वाढपी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर जात आले आहेत. मुंबईंत धोबीतलाव, माझगांव या भागांत त्यांच्या गांवोगांवच्या कुडी असत. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत दर्यावर्दी तेथें मुक्काम करी. बोटीच्या पगारावर घरें उभीं राहिलीं, मुलें शिकलीं. हा सौदा त्यांनीं समजून उमजून केला, आणि त्याचा त्यांना अभिमानहि आहे. पण ही संमति त्यांनीं कंपनीला दिलेली असते. जेवणाऱ्यानें त्यांच्याशीं कसें वागावें, हा प्रश्न तिनें सुटत नाहीं.

तो प्रश्न अगदीं लहान गोष्टींतून उभा राहतो. पुष्कळ जहाजांवर दर माणशीं दर दिवसाला सेवाशुल्क बिलांत मांडतात, आणि कित्येक ठिकाणीं मागणी केल्यास तें वगळण्यांतहि येतें. सकाळीं मुदपाकखाना पाहून वाहवा करणारा गृहस्थ अखेरच्या रात्रीं तें शुल्क वगळून घेण्यासाठीं रांगेंत उभा राहिला, तर त्यानें पाहिलें तरी काय? हौसेनें वाढून घेऊन टाकून दिलेल्या पदार्थाचीहि तीच गोष्ट. पैसे भरले म्हणून तो आपला झाला. पण तो रांधण्यांत गेलेले तास आपले नव्हते.

जेवण झाल्यावर आपल्याकडे ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतात. हा अन्नदाता म्हणजे यजमान, असाच अर्थ आपण धरीत आलों. जहाजावर भाडें प्रवाशानेंच भरलेलें असल्यामुळें तोच स्वतःचा अन्नदाता ठरतो, आणि आशीर्वाद परत त्याच्याच पदरीं पडतो. मुदपाकखान्याच्या दर्शनानें एवढा गैरसमज जरी दूर झाला तरी तें सार्थकीं लागलें म्हणावयाचें. रांधणारा सुखी असो, याचा व्यवहारी अर्थ साधा आहे: त्याला पुरती झोंप मिळावी, त्याचा वांटा त्याला पोंचावा, आणि घरीं परतण्याचा त्याचा दिवस टळूं नये. दिवसाला बटाटे किती लागतात, हें विचारण्याचा मोह तेथें कोणालाहि व्हावा. तें विचारून झाल्यावर, समोर उभ्या असलेल्या माणसाला तो घरीं केव्हां जाणार आहे, हेंहि विचारावें. आणि उत्तर ऐकण्यासाठीं क्षणभर थांबावें.